लिटलकोटची सुईण: एका भूतकथेचे थर

विल्टशर आणि बर्कशर या दोन इंग्लिश परगण्यांच्या शिवेजवळ, हंगरफर्ड गावापासून तीनेक मैलांवर, केनेट नदीच्या खोऱ्यात लिटलकोट हाउस नावाचा विटांचा लांबलचक वाडा आहे. त्याचे सर्वांत जुने भाग मध्ययुगातले, बाकीचा बराचसा ट्यूडर काळातला. १९९६ पासून तिथे वॉर्नर कंपनीचं हॉटेल चालतं. ते फक्त प्रौढांसाठी आहे, मुलाबाळांना घेऊन तिथे उतरता येत नाही. या वाड्याची सर्वांत गाजलेली भूतकथा मात्र एका तान्ह्या जीवाची आहे, ज्याला जन्मून घटकाही झाली नव्हती.

या प्रकरणात मला एकच गोष्ट पाहायची आहे. ही कथा आज ज्या रूपात पाहुण्यांच्या कानावर पडते, त्या रूपाखाली कोणकोणते थर आहेत आणि अगदी तळाशी कोण बोलतं आहे?

आज सांगतात ती गोष्ट अशी. साल १५७५. काळोखी, पावसाची रात्र. ग्रेट शेफर्ड गावातल्या मदर बार्न्स या सुईणीच्या दारावर थाप पडते. एका मोठ्या घरची बाई अडली आहे, चल, पैशाची काळजी करू नकोस, पण डोळ्यांवर पट्टी बांधून यावं लागेल. सुईण घोड्यावर मागे बसते. पुष्कळ वाट तुडवल्यावर तिला एका घरात नेतात, जिना चढवतात, पायऱ्या ती मनात मोजून ठेवते. दालनात पलंगावर बाळंतीण, तोंडावर मुखवटा. शेकोटीत मोठा जाळ. मूल जन्मतं आणि घरमालक ते तिच्या हातून हिसकावून आगीत टाकतो, टाचेखाली दाबून धरतो. सुईण निघताना पलंगाच्या पडद्याचा एक तुकडा गुपचूप कापून घेते. पुढे पायऱ्यांचा आकडा जुळतो, पडद्याला पडलेलं भोकही जुळतं आणि लिटलकोटचा मालक विल्यम डॅरल, ज्याला लोक ‘वाइल्ड डॅरल’ म्हणत, पकडला जातो. न्यायाधीश जॉन पॉपम याला तो सगळी जहागीर लाच म्हणून लिहून देतो आणि सुटतो. पण १५८९ मध्ये घोडा फेकताना त्याच्यासमोर जळतं बाळ उभं राहतं, घोडा बुजतो, डॅरलची मान मोडते. ती जागा ‘डॅरल्स स्टाइल’, म्हणजे कुंपण ओलांडायची पायरी. अंधार पडल्यावर तिथून जायला लोक भीत.

वाड्यात दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टी याच कथेच्या धाग्याला ओवलेल्या आहेत. डॅरलच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शयनगृहात आणि त्याबाहेरच्या जिन्याच्या चौकात बाळाला कवटाळून फिरणारी बाई. रात्री रडण्याचा आवाज. शेकोटीजवळ गुडघे टेकलेली कुणी एक. बाहेर पायरीपाशी घोडेस्वार आणि शिकारी कुत्रे. दीडेकशे वर्षांच्या छापील वर्णनांत हीच मंडळी पुन्हापुन्हा भेटतात.

अशा अनुभवांची कारणं बरीचशी घरातच असतात. भिंतींवरच्या ओकच्या फळ्या आणि तुळया दिवसा तापून फुगतात, रात्री आकसतात आणि कुरकुरतात. जुन्या वाड्यांतली बंद केलेली दारं, धुराडी, भिंतींतल्या पोकळ्या यांतून गार झुळका वाहतात. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइझमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो पाहुण्यांकडून नोंदी घेऊन अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांचे विचित्र अनुभव काही ठरावीक जागांपाशी गोळा होत होते आणि भुतांवर विश्वास असणारे इतरांपेक्षा जास्त अनुभव सांगत होते. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक भाग पुरता झोपी जात नाही, पहाऱ्यावर असल्यासारखा राहतो, हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. हॉटेलात उतरलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा पहिल्या रात्रीचाच असतो. त्यात झोप अर्धवट मोडून अंग लुळं पडणं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटणं, हा प्रकार पुष्कळांनी आयुष्यात एकदा तरी भोगलेला असतो.

एवढ्यावर पडदा पाडणारे लोक आहेत, पण मला ते अपुरं वाटतं. गार झुळूक ही गार झुळूक असते. ती बाळाला घेतलेली बाई कशी होते? लाकडाच्या कुरकुरण्यातून तान्ह्याचं रडणं कसं ऐकू येतं? ती ओळख पटवून देते कथा. म्हणून शोध घ्यायचा तो कथेचा.

लिटलकोटच्या जमिनीला उकरून काढण्याची सवय आहे, हेही इथे सांगायला हवं. वाड्याजवळच्या बागेत १७२७ मध्ये एका रोमन इमारतीची रंगीत फरसबंदी सापडली, मधोमध वीणा घेतलेला ऑर्फिअस, ग्रीक पुराणातला गायक. जहागिरीच्या कारभाऱ्याने तिचं काळजीपूर्वक चित्र काढलं. पुढे फरसबंदी पुन्हा मातीखाली गेली आणि हरवली. ती नष्ट झाली असंच लोक धरून चालले. १९७७ मध्ये ती परत हाती लागली, नंतरची अनेक वर्षं तिथे उत्खनन चाललं आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्राच्या आधाराने तिची डागडुजी करता आली. ज्याने पाहिलं त्याने लगेच कागदावर उतरवलं, म्हणून ते टिकलं. डॅरलच्या गोष्टीचं काय झालं ते आता वरून खाली पाहू.

वरचा थर १८१३ सालचा. वॉल्टर स्कॉटने ‘रोकबी’ हे दीर्घकाव्य त्या वर्षी छापलं आणि त्याच्या टिपांमध्ये लिटलकोटची हकिकत दिली. ही हकिकत त्याला लॉर्ड वेब सेमूर याच्याकडून मिळाली होती. डोळ्यांवरची पट्टी, मोजलेल्या पायऱ्या, कापलेला पडदा, खटला, लाच खाल्लेला न्यायाधीश, घोड्यावरून पडून मरण, अंधारात टाळायची ती पायरी, सगळं या टिपेत आहे. आज आपण ऐकतो ती गोष्ट जवळपास संपूर्णपणे या टिपेची लेक आहे. फक्त एक तपशील तिथे नाही. डॅरलच्या घोड्यापुढे उभं राहणारं जळतं बाळ स्कॉटच्या टिपेत सापडत नाही, तिथे डॅरल शिकारीला गेला असता पडून मरतो, एवढंच. बाळाचं भूत नंतर आलं. व्हिक्टोरियन काळातल्या वाचकाला न्याय हवा होता आणि न्यायालयाने दिला नाही तो बाळानेच येऊन केला, अशी ही भर आहे असं मला वाटतं.

स्कॉटने त्याच काव्यात या प्रसंगावर एक पोवाड्यासारखं गीतही रचलं आणि तिथे जे केलं ते माझ्या मनाला लागतं. गीतात सुईण नाहीच. तिच्या जागी एक भिक्षू आहे, ज्याला मरणाच्या दारातल्या बाईची पापकबुली ऐकायला आणलं जातं. एडिनबर्गमध्ये एका पाद्र्याबद्दल अशीच कथा सांगत, डोळे बांधून नेलेला पाद्री, ओली बाळंतीण, नंतर घराला लागलेली आग. स्कॉटने दोन्ही कथा एकमेकींत गुंफल्या. गीत म्हणून ते उत्तम आहे. पण ज्या बाईने हे सगळं पाहिलं, जिच्यामुळे जगाला कळलं, ती गीतातून गेली आणि तिची जागा एका धर्मपुरुषाने घेतली. शेवटच्या ओळींत आपल्याला चिंता वाटू लागते ती डॅरलची, तो कसा बदलला, मठाच्या घंटेचा आवाज ऐकून कसा पांढरा पडतो.

त्याखालचा थर जॉन ऑब्रीचा. हा विल्टशरचाच माणूस, जन्म १६२६, मृत्यू १६९७. गप्पा, आठवणी, ऐकीव माहिती, जे मिळेल ते टिपून ठेवायची त्याला विलक्षण हौस. त्याची व्यक्तिचित्रं पहिल्यांदा छापून आली तीही १८१३ मध्येच, पण ती लिहिली होती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे घटनेनंतर शंभरेक वर्षांनी. न्यायाधीश पॉपमचं चरित्र लिहिताना तो ही हकिकत देतो. त्याच्या मते पोर होतं डॅरलच्या पत्नीच्या दासीचं. सुईणीला डोळे झाकून आणलं आणि भरपूर पैसे देऊन तसंच परत पाठवलं. पण तिला चैन पडेना. आपण किती वेळ घोड्यावर होतो, त्या चालीने तेवढ्या वेळात किती मैल कापले जातील, याचा तिने हिशेब केला. खोलीची उंची बारा फूट, म्हणजे घर कुणातरी बड्या माणसाचं, असं तिने ताडलं. मग ती दंडाधिकाऱ्याकडे गेली.

मला ऑब्रीची सुईण फार आवडते. ती विचार करते. पडदा कापण्याची चलाखी तिच्यात नाही, पायऱ्याही ती मोजत नाही. ती छताकडे पाहून अंदाज बांधते आणि वेळ व वेग यांचं गणित मांडते. शंभर वर्षांनंतरही लोकांच्या आठवणीत ती एक शहाणी, बेचैन बाई म्हणून शिल्लक होती. पुढच्या सव्वाशे वर्षांत तिच्या बुद्धीचं रूपांतर एका कात्रीत झालं.

ऑब्रीच्या चुकाही मोजायला हव्यात. तो डॅरलला ‘सर’ म्हणतो आणि त्याला पत्नी देतो; डॅरलने लग्न केलं नव्हतं आणि त्याला ती पदवीही नव्हती. तो म्हणतो, याच न्यायाधीशाने वाडा, रमणा आणि जहागीर लाच घेऊन त्याचा जीव वाचवला. आता तारखा पाहा. जॉन पॉपम १५८१ मध्ये राणी एलिझाबेथचा ॲटर्नी जनरल झाला आणि मुख्य न्यायाधीश झाला तो १५९२ मध्ये. डॅरल मेला १ ऑक्टोबर १५८९ रोजी. म्हणजे पॉपम न्यायासनावर बसला तेव्हा डॅरलला जाऊन तीन वर्षं होत आली होती. सॉल्सबरीला खटला चालला असं कथा सांगते, पण अशा खटल्याची नोंद इतिहासकारांच्या हाती लागलेली नाही.

जहागीर मात्र पॉपमकडे गेली, हे खरं आहे. डॅरलने आपल्या हयातीतच करार करून आपल्यामागे लिटलकोट पॉपमला मिळेल अशी तजवीज केली होती. का केली? इथे डॅरलच्या आयुष्याकडे पाहावं लागतं. तो १५३९ सालचा. बाप वारला तेव्हा पोरगा दहा वर्षांचा, आणि बापाने जमिनीचा मोठा वाटा आपल्या रखेलीला देऊन ठेवलेला. जमीन सोडवून घेण्यात त्याचं तारुण्य गेलं. शेजारी, नातलग, कुळं, कुणाशी त्याचा दावा नव्हता असं शोधावं लागेल. १५६८ च्या सुमाराला सर वॉल्टर हंगरफर्ड याने आपली पत्नी ॲन हिच्यावर दोन आरोप केले, एक विषप्रयोगाचा आणि दुसरा डॅरलशी असलेल्या संबंधांचा. ॲन निर्दोष सुटली आणि तिचा खर्च द्यायला नकार दिल्याबद्दल सर वॉल्टरच तुरुंगात गेला. पण ॲनने डॅरलला लिहिलेली प्रेमपत्रं टिकली आहेत. थोडक्यात, कोर्टकचेऱ्यांनी पोखरलेला, शत्रूंनी वेढलेला, बदनाम माणूस. अशा माणसाला वरच्या वर्तुळातला एक कायदेपंडित पाठीशी असावा लागतो आणि त्याची किंमत जमिनीत चुकवावी लागते. याला खुनाच्या खटल्यातली लाच म्हणण्याइतका पुरावा नाही.

पण लोकांनी दोन गोष्टी पाहिल्या. एका मोठ्या माणसावर तान्ह्या मुलाच्या खुनाचा बोभाटा झाला आणि त्याला काही झालं नाही. मग त्याची जहागीर एका न्यायाधीशाकडे गेली. मधली कडी त्यांनी स्वतः जोडली. आपल्याकडे एका अक्षराने माणूस मारला गेल्याची ‘ध चा मा’ ही म्हण झाली. इथे एका तारखेने न्यायाधीश गुन्हेगार ठरला. पॉपमविषयी लोकांच्या मनात आधीच भीती होती. सर वॉल्टर रॅलीला १६०३ मध्ये आणि गाय फॉक्सला १६०६ मध्ये मृत्युदंड देणारा तो हाच. त्यालाही लोकांनी भूत करून सोडलं. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचं थडगं आहे. दंतकथा अशी की शिकारीत घोड्यावरून पडून तो एका खोल दरीत गेला आणि तिथून त्याचा आत्मा वर्षाला कोंबड्याच्या एका पावलाएवढं अंतर चालत थडग्याकडे येतो आहे. शिकार, घोडा, पडणं. डॅरलला दिलेलं मरणच लोकांनी त्यालाही दिलं आहे. ज्याला कायदा हात लावत नाही त्याच्यासाठी या मुलखातल्या कथाकारांकडे हीच एक शिक्षा होती.

पट्टी बांधून नेलेली सुईण हेसुद्धा फिरतं कथाबीज आहे. रात्री अनोळखी स्वाराने सुईणीला घोड्यावर घालून नेणं, अज्ञात घरातलं बाळंतपण, नंतर तिला वाट न सापडणं, अशा कथा इंग्लंड, वेल्स, स्कँडिनेव्हियात पऱ्यांच्या आणि यक्षांच्या बाळंतपणाच्या म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. लिटलकोटच्या हकिकतीला तयार साचा शेजारीच होता. हकिकत त्यात ओतली गेली. म्हणून काही जाणकार असं मानून मोकळे झाले की सगळंच लोककथेतून आलेलं आहे, घडलं काहीच नाही.

तसं म्हणणं एकोणिसाव्या शतकात अवघड झालं, कारण जुन्या कागदांतून दोन पुरावे वर आले.

पहिला विल्टशरमधल्या लाँगलीट या मोठ्या वाड्याच्या दप्तरातला. सर हेन्री निव्हेटने २ जानेवारी १५७९ रोजी लाँगलीटच्या सर जॉन थिनला लिहिलेलं हे पत्र आहे. (त्या काळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांच्या हिशेबाने ते अजून १५७८ होतं. दोन्ही साल वाचायला मिळतात ती यामुळे.) थिनच्या पदरी बॉनम नावाचा एक माणूस होता आणि त्याची बहीण डॅरलच्या घरी राहत होती, लग्नाशिवाय. निव्हेट विनवतो की बॉनमने आपल्या बहिणीला विचारावं: डॅरलच्या घरी तिला कसं वागवलं गेलं, तिला किती मुलं झाली आणि त्या मुलांचं काय झालं. कारण त्यांतल्या एकाच्या खुनाची वार्ता भयंकर पसरते आहे आणि ती डॅरलला चांगलीच भोवेल.

या पत्रात भूत नाही, पडदा नाही, पायऱ्या नाहीत. एका बड्या माणसाने दुसऱ्याला लिहिलेली व्यवहाराची चिठ्ठी आहे. म्हणजे १५७९ च्या सुरुवातीला ही कुजबुज परगणाभर होती, डॅरल जिवंत असताना, त्याच्या नावानिशी. आणि ‘किती मुलं’ हा शब्द पाहा. एकाहून अधिक असावीत हे लिहिणाऱ्याने गृहीतच धरलं आहे. ‘वाइल्ड डॅरल’ हे रंगीत टोपणनाव आपण शतकानुशतकं मिरवलं आणि या बाईला मात्र कथेत कधी दासी केलं, कधी मुखवटा घातला, कधी मारून टाकलं. तिची ओळख कागदावर उरली ती कुणाची तरी बहीण म्हणून.

दुसरा पुरावा म्हणजे सुईणीची जबानी. ती बर्कशरचा दंडाधिकारी अँथनी ब्रिजेस याने लिहून घेतली, सुईण मरणशय्येवर असताना, १५७८ च्या सुमारास. ग्रेट शेफर्ड ते लिटलकोट सरळ रेषेत अंतर सहाएक मैलांचं. घोड्यावरून रात्रीची वाट धरली, थोडी फिरवून नेली, तर काही तासांची. पण जबानीत लिटलकोटचं नाव नाही आणि डॅरलचंही नाही. ज्यांना डॅरल निर्दोष वाटतो ते यावर बोट ठेवतात आणि ते बरोबरच आहे. शत्रूंनी बुजबुजलेल्या माणसावर दुसऱ्याच कुणाचं पाप ढकललं गेलं असणं शक्य आहे. मी मात्र पत्र आणि जबानी शेजारी ठेवून वाचतो तेव्हा दोन्ही एकमेकांकडे वळलेली दिसतात. एकात घर आहे, माणूस आहे, बाई आहे आणि मुलांचं काय झालं हा प्रश्न आहे. दुसऱ्यात एका मुलाचं काय झालं त्याचं उत्तर आहे, फक्त घराचं नाव नाही. काळ जुळतो, मुलूख जुळतो. फाशी द्यायला हे पुरेसं नाही. अविश्वास ठेवायलाही पुरेसं नाही.

मरणाच्या दारात असलेल्या बाईने हे खोटं का सांगावं, असा प्रश्न मला पडतो. तिला यातून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. उलट तीन वर्षं गप्प राहिल्याचं ओझं होतं. त्या काळी सुईणींना चर्चपुढे शपथ घ्यावी लागे की कुणाचं मूल मारू देणार नाही, अदलाबदल होऊ देणार नाही. शपथ घेतलेली असो वा नसो, हा धंदा करणाऱ्या बाईला तिचा अर्थ माहीत होता.

एक गोष्ट सांगून मग जबानीकडे येतो. डॅरलचे १५८९ सालचे लंडनमधले खर्च टिकून आहेत. मरणाआधीच्या वसंतात आणि उन्हाळ्यात तो लंडनला होता तेव्हा रोज दुपारी-रात्री काय शिजलं, मटण कितीचं, लोणी कितीचं, स्ट्रॉबेरी कितीच्या, हे दिवसवार लिहिलेलं आहे आणि छापूनही आलं आहे. एवढं तपशीलवार उरलेलं आयुष्य त्याचं. बाळाबद्दल उरलेले शब्द जबानीतल्या चारदोन ओळींत मावतात.

वाड्याने पुढे पुष्कळ काही पाहिलं. पॉपम घराण्यातल्या अलेक्झांडरने यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने इथे सैन्य ठेवलं, वेदीच्या जागी प्रवचनपीठ असलेलं प्रार्थनागृह त्याच काळातलं आहे, आणि त्या सैन्याची शस्त्रं-चिलखतं १९८५ मध्ये रॉयल आर्मरीज या संग्रहालयाने घेतली. पुढे इंग्लंडचा राजा झालेला ऑरेंजचा विल्यम १६८८ च्या डिसेंबरात लंडनकडे जाताना इथे मुक्कामाला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधल्या ५०६ व्या छत्रीधारी रेजिमेंटचं मुख्यालय इथे होतं आणि इथूनच ती माणसं नॉर्मंडीच्या तयारीला लागली. त्यांतली कितीतरी परतली नाहीत. तरी वाड्यात फिरते म्हणून लोक सांगतात ती त्या सैनिकांपैकी कुणी नव्हे, फिरते ती बाळ घेतलेली बाई. ती आई आहे असं काही सांगतात, सुईण आहे असं काही. मला ती सुईणच वाटते. आई पलंगावर होती, तिला उठताही येत नव्हतं. त्या रात्री बाळाला घेऊन चालली होती एकच व्यक्ती.

आता जबानी.

रात्री आलेल्या माणसांबरोबर ती घोड्यावरून गेली. डोळ्यांवर पट्टी बांधल्याचं ती सांगत नाही. एका घरात काळ्या मखमलीच्या कपड्यांतला एक गृहस्थ तिला भेटला. त्याने तिला बाईकडे नेलं. बाईचा चेहरा झाकलेला होता. तो म्हणाला, बाई सुखरूप सुटली तर तुला मोठं बक्षीस मिळेल आणि तिचं काही बरंवाईट झालं तर तू जिवंत राहणार नाहीस. म्हणजे त्याला त्या बाईचा जीव हवा होता. हा तपशील नंतरच्या एकाही कथेत टिकला नाही, कारण त्याने राक्षस थोडा गुंतागुंतीचा होतो.

बाळ झालं. त्या घरात बाळाला गुंडाळायला कसलंही फडकं काढून ठेवलेलं नव्हतं. सुईणीच्या हे लगेच लक्षात आलं असणार, कारण प्रत्येक बाळंतपणात आधी तेच पाहायचं असतं. तिने आपल्याच ॲप्रनमध्ये बाळ घेतलं आणि त्या गृहस्थाकडे जाऊन विचारलं, याला गुंडाळायला काही आहे का.

तो तिला शेकोटीपाशी घेऊन गेला. जाळ मोठा होता. त्याने सांगितलं, टाक.

तिने गुडघे टेकले. हे मूल मला द्या, ती म्हणाली, मी गुपचूप घेऊन जाते, माझं म्हणून वाढवते, कुणाला कळणार नाही.